कायले हात लावता, काकाजी?

विजेची गाडी घेतली की माणसाला पहिला आनंद होतो तो पेट्रोल पंपासमोरून न थांबता जाण्याचा, आणि दुसरा होतो तो 'हिला काही लागतच नाही' असं चारचौघांत सांगण्याचा. दुसरा आनंद बऱ्याच अंशी खराही आहे. इंजिन नाही म्हणून इंजिन ऑइल नाही. ऑइल नाही म्हणून ऑइल फिल्टर नाही. स्पार्क प्लग नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. इंजिनाला हवा लागते म्हणून बॉनेटखाली जो एअर फिल्टर असतो, तोही नाही. मग सर्व्हिसिंगच्या यादीत उरतं काय? टायर, वायपर, ब्रेकचं तेल, कूलंट आणि केबिन फिल्टर.

या यादीतलं जे काम आपण घरी, अंगणात, गाडी जॅकवर न चढवता करू शकतो, त्यात केबिन फिल्टर बदलणं हे अगदी वरच्या क्रमांकावर येतं. आणि नेमकं तेच काम आपण करू नये, अशी एक भलीमोठी व्यवस्था आपल्याभोवती उभी आहे. हा लेख त्या व्यवस्थेविरुद्ध आहे. निम्मा आपल्या स्वतःविरुद्धही आहे, पण ते नंतर.

आधी हे प्रकरण काय आहे ते पाहू. गाडीच्या समोरच्या काचेच्या तळाशी, वायपरच्या खाली, एक जाळी असते. गाडीत येणारी बाहेरची हवा तिथून आत शिरते, पंख्यातून जाते, एसीच्या थंड कॉइलवरून जाते आणि आपल्या तोंडावर येते. या वाटेत एक घडीघडीची चौकट बसवलेली असते. न विणलेल्या कृत्रिम तंतूंचं कापड, पंख्यासारख्या घड्या घातलेलं. हाच केबिन फिल्टर. चांगल्या प्रतीच्या फिल्टरच्या तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो, त्यामुळे छिद्रातून निसटण्याइतके बारीक कणही तंतूला चिकटतात. काहींत सक्रिय कोळशाचा थर असतो, तो वास आणि काही वायू धरतो. बस्स. यात मोटर नाही, तार नाही, सेन्सर नाही. किंमत काही शे रुपये. साधारणपणे वर्षातून एकदा किंवा दहा-पंधरा हजार किलोमीटरला तो बदलावा असं सांगतात, आणि धुळीचा मुलूख असेल तर त्याआधी.

आणि आमचा वर्धा जिल्हा म्हणजे धुळीचा मुलूखच. ऑक्टोबरात सोयाबीनचे थ्रेशर सुरू झाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांनी कुटार उडतं. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या हिंगणघाट, देवळी, पुलगावच्या जिनिंगकडे निघतात आणि रस्त्याकडेच्या बाभळींना रुईचे पुंजके लटकतात. पुढे तूर निघते, मग चना निघतो, मग पऱ्हाट्या पेटतात. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर गेला की खिडकी उघडायची सोय उरत नाही आणि एसी लावूनच बसावं लागतं. म्हणजे जेव्हा हवा सगळ्यांत घाण असते तेव्हा, किंवा ती घाण फिल्टरमध्ये जमून झाल्यावर, आपण सगळ्यांत जास्त हवा त्या एका चौकटीतून ओढतो. माझ्या गाडीतून निघालेला जुना फिल्टर मी एकदा वर्तमानपत्रावर झटकला. निघालं ते असं: कडुनिंबाची वाळकी पानं, कुटाराचं भूस, एक मेलेला टोळ, आणि वरच्या घड्यांवर रुईची चक्क गादी. त्या गादीखाली काळा थर. तो झटकून निघाला नाही.

माझ्या आईला दमा आहे. त्यामुळे हा काळा थर माझ्यासाठी छंदाचा विषय नाही. गाडी सुरू केली, पंखा लावला आणि तिला ढास लागली, की मला तेव्हाच, त्याच दिवशी फिल्टर बदलता यायला हवा. दहा दिवसांनी नाही.

आता काम किती आहे ते सांगतो. बहुतेक गाड्यांत फिल्टर डाव्या सीटसमोरच्या कप्प्यामागे, म्हणजे ग्लोव्ह बॉक्समागे असतो. गाडी बंद करायची. कप्पा रिकामा करायचा (यालाच सगळ्यांत जास्त वेळ लागतो, आमच्या कप्प्यात तीन वर्षांच्या टोलच्या पावत्या निघाल्या). कप्प्याच्या दोन्ही कडा आत दाबल्या की अडसर सुटतात आणि कप्पा पुरता खाली लोंबतो. काही गाड्यांत बाजूला एक छोटी दोरी किंवा दांडी अडकवलेली असते, ती सोडवायची. काहींत चार-सहा स्क्रू असतात, त्यांना पेचकस लागतो. मागे एक अरुंद प्लास्टिकचं झाकण दिसतं. त्याचे खटके दाबले की झाकण हातात येतं. जुना फिल्टर हळूच सरळ बाहेर ओढायचा, म्हणजे कचरा पंख्यात पडत नाही. ओढण्याआधी त्याच्या कडेवर छापलेला बाण कुठे तोंड करून आहे ते पाहून ठेवायचं. हा बाण हवेच्या वाहण्याची दिशा दाखवतो. खाच ओल्या फडक्यानं पुसायची, नवा फिल्टर त्याच दिशेनं सरकवायचा, झाकण, कप्पा, झालं. पहिल्या वेळी वीस मिनिटं. दुसऱ्या वेळी दहा.

काही मंडळी जुनाच फिल्टर धुऊन किंवा हवेच्या पाइपनं फुंकून परत घालतात. तसं करू नका. पाण्यानं तंतूंवरचा तो विद्युतभार जातो, आणि जोराच्या हवेनं तंतू फाटतात. वरून फिल्टर पांढरा दिसतो, पण बारीक धूळ धरायची त्याची ताकद गेलेली असते. धुऊन वापरण्यासाठीच बनवलेले फिल्टर वेगळे असतात, त्यांवर तसं लिहिलेलं असतं.

इतकं हे काम आहे. मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण मला फोनवर भेटली. एका अधिकृत सेवा केंद्राला विचारलं, फक्त फिल्टर विकत द्याल का? उत्तर आलं, सुटा पार्ट देत नाही साहेब, गाडी आणावी लागेल. वेळ मिळेल आठ दिवसांनंतरची. आता वर्ध्याहून नागपूरला जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर होतात. म्हणजे धूळ अडवणारी एक कागदी चौकट बदलण्यासाठी मी दीडशे किलोमीटर धूळ खात जायचं, बॅटरीचा मोठा हिस्सा त्यात घालवायचा, दिवसभर काचेच्या खोलीत बसून पाणचट कॉफी प्यायची, आणि वर फिल्टरच्या किमतीच्या जोडीला मजुरी द्यायची. पर्यावरणासाठी घेतलेल्या गाडीचा हा पर्यावरणीय हिशोब कोणी मांडला असेल का?

दुसरी अडचण गल्लीतच भेटली, आणि ती मला जास्त लागली. आमच्या भागातला एक मिस्त्री आहे. हाताला विलक्षण गुण असलेला. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांचे केबिन फिल्टर त्यानं किती बदलले असतील याची गणती नाही. मी फिल्टर बदलतोय म्हटल्यावर तो चार पावलं मागं सरकला. म्हणाला, "कायले हात लावता, काकाजी? करंटची गाडी हाये थे. काही झालं त मंग म्हणसान सांगतलं नाही."

आता गंमत पाहा. आपल्याकडच्या बऱ्याच विजेच्या गाड्या त्यांच्या पेट्रोल-डिझेलच्या भावंडांच्याच सांगाड्यावर बांधलेल्या आहेत. डॅशबोर्ड तोच, कप्पा तोच, पुष्कळदा फिल्टरही तोच. पेट्रोलच्या गाडीत जो कप्पा हा मिस्त्री डोळे मिटून उघडतो, तोच कप्पा विजेच्या गाडीत उघडायला तो धजत नाही. भाग बदललेला नाही. बदललं आहे ते गाडीवर चिकटवलेलं नाव, आणि त्या नावाबरोबर आलेली भीती.

ही भीती सगळी खोटी आहे असं मी म्हणत नाही. विजेच्या गाडीतला उच्च दाबाचा प्रवाह जीव घेऊ शकतो. पण म्हणूनच तर त्याच्या केबल जगभर नारिंगी रंगाच्या ठेवतात. नारिंगी दिसलं की हात मागे, हा नियम शाळकरी पोरालाही समजतो. बॅटरी, इन्व्हर्टर, एसीचा कॉम्प्रेसर, एसीतला गॅस, यांना आपण हात लावू नये. कप्प्याच्या आसपास पिवळ्या रंगाचे जोड दिसले तर ते एअरबॅगचे, तेही ओढू नयेत. पण केबिनमधला पंखा साध्या बारा व्होल्टवर चालतो, आणि फिल्टरच्या खाचेत तर तेवढीही वीज नाही. देवघरात समई लावताना जितका धोका आहे, तितकाही इथे नाही. धोका कुठे आहे आणि कुठे नाही हे नेमकं सांगणं म्हणजे सुरक्षितता. सगळ्यालाच 'हात लावू नका' म्हणणं म्हणजे धंदा.

तिसरी अडचण वॉरंटीची. 'बाहेर हात लावला तर वॉरंटी जाईल' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते कायद्यात लिहिलेलं असावं असंच वाटतं. मंडळी, प्रत्यक्षात देशातल्या स्पर्धा आयोगानं जवळपास याच्या उलट म्हटलेलं आहे. 2011 साली एका ग्राहकानं कार कंपन्यांविरुद्ध तक्रार केली की सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती या कंपन्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत. चौकशीची व्याप्ती वाढत गेली आणि 25 ऑगस्ट 2014 रोजी आयोगानं 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडाच्या रकमेवर पुढे अपिलं झाली, तो वेगळा इतिहास. आपल्या कामाचं आहे ते आदेशातलं तत्त्व. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालू नये. चुकीच्या दुरुस्तीमुळे जे नुकसान झालं असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. म्हणजे मी फिल्टर बदलला म्हणून माझ्या बॅटरीची वॉरंटी उडवायची असेल, तर फिल्टरमुळे बॅटरी बिघडली हे आधी दाखवावं लागेल. दाखवा बुवा. मी खुर्ची टाकून बसतो.

त्यानंतर जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिनं चार क्षेत्रं निवडली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू, आणि वाहनं. त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं संकेतस्थळही सुरू झालं. चांगली गोष्ट आहे. पण वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे याचे गुण छापण्याची कल्पना 2024 मध्ये पुढे आली, तेव्हा सुरुवात मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंपासून झाली, गाड्यांपासून नाही. मोबाइल खिशात घालून दुकानात नेता येतो. दीड टनाची गाडी दीडशे किलोमीटर हाकावी लागते. खरं तर रांगेत पहिली गाडी हवी होती.

यावर जे आक्षेप येतात, ते मी घरापासून कट्ट्यापर्यंत सगळीकडे ऐकले आहेत. एकेक घेऊ.

'बाजारात बनावट फिल्टर असतात.' असतात, कबूल. पातळ कापडाचे, कडेला फट राहणारे, आणि ज्यांच्या फटीतून धूळ सुखानं आत जाते असे. पण मग उपाय काय? कंपनीनं अस्सल फिल्टर भाग क्रमांकासकट काउंटरवर, तालुक्याच्या दुकानापर्यंत विकायला ठेवावा. अस्सल माल सुटा द्यायचा नाही, आणि मग लोक बनावट घेतात म्हणून गळा काढायचा, याला आमच्याकडे चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात.

'तुम्ही स्वतः केलं तर गरीब मिस्त्रीच्या पोटावर पाय येतो.' हा आक्षेप ऐकायला मोठा माणुसकीचा आहे. पण या व्यवस्थेत मिस्त्री आहे कुठे? तो तर माझ्याही आधी बाहेर ढकलला गेलाय. त्याला ना माहितीची पुस्तिका मिळते, ना सुटा भाग, ना कुणी त्याला सांगतं की नारिंगी तार सोडून बाकी अमुक-अमुक तू करू शकतोस. हिंगणघाट, आर्वी, कारंजा, समुद्रपूरच्या गॅरेजांतली पोरं आज पेट्रोल-डिझेलवर पोट भरतात. रस्त्यावर विजेच्या गाड्या वाढत जातील तसतसं त्यांचं काम कमी होत जाणार, आणि जे थोडं उरणार आहे तेही कुलूपबंद होणार. मी अंगणात फिल्टर बदलून दाखवतो तेव्हा मिस्त्रीचं काम घेत नाही. हे काम त्याच्याही आवाक्यातलं आहे, एवढं तो पाहू शकतो. आमचा तो मिस्त्री शेवटी जवळ आला, वाकून पाहिलं, आणि म्हणाला, "एवढंच?" मला वाटतं, या सगळ्या प्रकरणातला सगळ्यांत महाग शब्द हाच आहे. हा शब्द लोकांनी उच्चारू नये म्हणूनच एवढा बंदोबस्त आहे.

'गाड्यांची रचनाच तशी, त्याला कंपनी काय करणार?' रचना आकाशातून पडत नाही. कुणीतरी टेबलाशी बसून ठरवतं की हे झाकण दोन खटक्यांनी उघडावं की कप्प्याचे सगळे स्क्रू काढल्यावर. दर वर्षी बदलायची वस्तू जर बोटांनी पोहोचेल अशी ठेवली नसेल, तर ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गाडी वापरणारा माणूस नव्हता, गाडी भरवणारा कारखाना होता. माझ्या गाडीची पुस्तिका चाळली, तर संगीताचा आवाज कसा कमी-जास्त करावा यावर सचित्र पानं आहेत. फिल्टरवर एक ओळ आहे: अधिकृत केंद्राशी संपर्क साधा. तीही इंग्रजीत.

आणि शेवटचा आक्षेप. हा कुणी तोंडानं बोलत नाही, पण नजरेत असतो: 'एवढी पंधरा लाखांची गाडी घेतली आणि आता स्वतः खाली वाकून पेचकस फिरवतोय!' इथे लेखाचा दुसरा निम्मा भाग सुरू होतो.

आपल्याकडे हातानं काम करणं हे पैसे नसल्याचं लक्षण मानतात. त्याच्या मुळाशी जात आहे, हे वेगळं सांगायला नको. ज्यानं हात काळे करायचे तो वेगळा आणि ज्यानं नुसतं 'करून घ्यायचं' तो वेगळा, अशी वाटणी आपण शेकडो वर्षं जपली. पूर्वी ती गावाच्या रचनेत होती, आता ती काचेच्या खोलीत आली आहे. खिडकीपलीकडे निळ्या कपड्यांतला पोरगा आपली गाडी उघडतो आणि अलीकडे आपण मोबाइल पाहतो. कंपनीचा 'हात लावू नका' आपल्याला बोचत नाही याचं कारण, आपल्याला हात लावायचाच नसतो. कंपन्यांनी फक्त आपल्या आळसाला आणि दिमाखाला एक सन्माननीय कारण पुरवलं.

दुसऱ्या एखाद्या गावात हे चाललं असतं. वर्ध्यात कसं चालतं, हा माझा प्रश्न आहे. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला याच गावात शिक्षण परिषद भरली होती. गांधीजी अध्यक्ष होते. शिक्षण हे एखाद्या हस्तव्यवसायाच्या भोवती उभं करावं, हात आणि डोकं यांची फारकत संपवावी, हा विचार तिथून देशभर गेला. पुढे झाकिर हुसेन समितीनं त्याचा आराखडा केला. 'वर्धा योजना' हे नाव देशानं दिलं, आपण मागितलं नव्हतं. त्याआधी 1934 च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत त्याचं ठाणं पडलं. जे. सी. कुमारप्पा तिथे बसून तेलघाणीपासून कागदापर्यंत एकेका यंत्राचा विचार करत होते. 30 डिसेंबर 1938 ला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. ते आजही आहे. शाळेच्या सहलीत आपण सगळेच तिथून रांगेनं, बोट ओठांवर ठेवून फिरलोय.

तिथले चरखे पाहताना एक गोष्ट आपल्याला कुणी सांगत नाही. 1929 साली अखिल भारतीय चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळचे एक लाख. त्याच्या अटी मुळातून वाचण्यासारख्या आहेत. चरखा हलका आणि नेण्याजोगा हवा. आठ तासांत सोळा हजार वार सूत निघावं. बाईमाणसाला फार दमणूक न होता आठ तास चालवता यावा. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. आणि मग या अटी: वेळच्या वेळी निगा राखली तर तो किमान वीस वर्षं चालला पाहिजे, निगेचा खर्च फार नको, आणि सुटे भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. म्हणजे दीडशेच्या चरख्याला वर्षाला साडेसात रुपये.

ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही, कारण सगळ्या अटी एकत्र पुऱ्या करणारं यंत्र आलंच नाही. हरकत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते अटींचं. ती टक्केवारी गाडीला लावू नका; पंधरा लाखांचे पाच टक्के म्हणजे पंचाहत्तर हजार होतात, त्यात सगळी सेवा केंद्रं आनंदानं मावतील. मुद्दा हा की 'चांगलं यंत्र' म्हणजे काय हे लिहिताना त्या माणसांनी वेगाबरोबर, किमतीबरोबर, देखभालही त्याच कागदावर लिहिली. वीस वर्षांनंतर ते कुणाच्या हातात कसं असेल, याचा विचार यंत्र बनण्याआधी केला. आज गाडीच्या जाहिरातीत एका चार्जला किती किलोमीटर ते असतं, शून्य ते शंभर किती सेकंदांत ते असतं, पडद्याची लांबी इंचांत असते. फिल्टर कुठे आहे आणि तो कोण बदलू शकतो, हे नसतं.

कुणी म्हणेल, गांधीजी यंत्रांच्या विरुद्ध होते, त्यांना विजेच्या गाडीत कशाला ओढता? हे ऐकीव मत आहे. शिवणयंत्राचं त्यांनी कौतुक केलं होतं. त्यांची तक्रार यंत्राबद्दल नव्हती, यंत्राच्या वेडाबद्दल होती. माणसाला त्याच्यासमोर लुळं करून टाकण्याबद्दल होती. विजेची गाडी हे उत्तम यंत्र आहे. धूर नाही, आवाज नाही, हलणारे भाग कमी, म्हणून बिघाडही कमी. मी ती विकणार नाही. पण इतक्या साध्या यंत्राचा मालक पूर्वीच्या मालकापेक्षा जास्त परावलंबी कसा झाला, याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं. माझे वडील स्कूटरचा प्लग काढून, काजळी घासून, चहा निवायच्या आत परत बसवत. त्यांना त्यात पराक्रम वाटत नसे. यंत्र अधिक साधं झालं आणि माणूस अधिक अडाणी ठरला, ही प्रगती मला पटत नाही.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. कंपन्यांकडे तीन: फिल्टर सुटा विका, पुस्तिकेत त्याचं एक सचित्र पान मराठीत छापा, आणि पुढची गाडी काढाल तेव्हा तो बोटांनी उघडेल अशा जागी ठेवा. सरकारकडे एक: दुरुस्तीच्या गुणांकनात वाहनं आणा, आणि विजेच्या वाहनांची सुरक्षित कामं कोणती, जोखमीची कोणती, याची साधी यादी प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लागेल असं करा. आयटीआयच्या पोरांना ती तोंडपाठ असली पाहिजे.

आणि आपल्याकडे एक. येत्या रविवारी गाडीतला तो कप्पा रिकामा करा आणि खाली सोडून पाहा. फिल्टर बदलायचा नसला तरी चालेल, नुसता ओढून बाहेर काढा आणि उजेडात धरा. पोरांना जवळ बोलवा, आणि शेजारचा मिस्त्री दिसला तर त्यालाही. त्या घड्यांमध्ये तुमच्या गावची वर्षभराची हवा आहे. ती तुमच्या घरातल्या माणसांनी किती ओढायची, हे ठरवायला नागपूरची तारीख कशाला हवी?

असो. फार बोललो. नवा घालताना बाणाची दिशा तेवढी पाहा.